जीवसृष्टीच्या उगमाचे संशोधन आणि पीएच.डी.-उत्तर संधी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

‘संधी’ हा शब्द अलीकडे उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात फार सैलपणे वापरला जातो. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागलेले अधिछात्रवृत्तीचे पत्रक असो, करिअर मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यान असो अथवा विद्यापीठाचे परिपत्रक असो, संधी म्हणजे पात्रता, वयोमर्यादा, विद्यावेतन आणि अर्जाचा अंतिम दिनांक एवढाच अर्थ त्यातून हाती येतो. त्या संधीतून ज्ञानव्यवहारात नेमके काय घडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न खगोलजीवशास्त्र आणि जीवसृष्टीचा उगम या अभ्यासक्षेत्राच्या संदर्भात विचारावयाचा आहे.

पृथ्वीवर सजीव कसे निर्माण झाले, अन्यत्र ते असू शकतील काय, आणि असल्यास ते ओळखावेत कसे, या तीन प्रश्नांभोवती हे क्षेत्र उभे आहे. या क्षेत्रातील पीएच.डी.-उत्तर नेमणुकीकडे सामान्यतः व्यक्तीच्या उत्कर्षाची पायरी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाची भूमिका यापेक्षा वेगळी आहे. पीएच.डी.-उत्तर संशोधक हा येथे ज्ञानाच्या साखळीतील दुवा असतो. हा दुवा जेथे तुटतो तेथे दावे सिद्धही होत नाहीत आणि खोटेही ठरत नाहीत, ते केवळ पडून राहतात. ही भूमिका तीन ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे तपासून, त्याच निकषावर देशी-परदेशी योजनांचे परीक्षण करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासक्षेत्राचे वेगळेपण

पृथ्वीचे वय सुमारे ४.५ अब्ज वर्षे मानले जाते. ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात जीवाणूंच्या थरांपासून बनलेले सुमारे ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचे खडक आढळतात. म्हणजे जीवसृष्टीच्या उगमाची घटना त्याहूनही आधीची आहे. तिचा कोणताही साक्षीदार नाही आणि ती जशीच्या तशी पुन्हा घडवून पाहणेही शक्य नाही. संशोधकाला करता येते ते इतकेच, की प्राचीन पृथ्वीवरील परिस्थिती कशी असावी याचा अंदाज बांधून प्रयोग करावा, तो इतरांनी पुन्हा करून पाहावा, आणि नवे उपकरण हाती येताच जुने निष्कर्ष नव्याने तपासावेत. अशा क्षेत्रात पुनःपरीक्षण हाच पुराव्याचा मुख्य आधार ठरतो.

दुसरे वेगळेपण विषयांच्या सरमिसळीत आहे. रसायनशास्त्र, भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांपैकी कोणत्याही एका विषयातील पीएच.डी. येथे अपुरी पडते. रसायनशास्त्रज्ञाला खडक वाचता यावा लागतो आणि भूवैज्ञानिकाला पेशीचे आवरण कसे तयार होते हे कळावे लागते. पदव्युत्तर वर्गात वा पीएच.डी.च्या काळात हे शिकण्यास वाव नसतो. दुसरा विषय हाताने शिकण्याचा काळ म्हणजे पीएच.डी.नंतरची दोन-तीन वर्षे. म्हणूनच इतर शाखांत ज्याला नोकरीपूर्वीची प्रतीक्षा मानले जाते, तो कालखंड या शाखेत शिक्षणाचा गाभा ठरतो.

एक अखंड साखळी : मिलर ते बेनू

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. त्याचे नंतर काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मिलर यांनी प्रयोगांचे अवशेष चिठ्ठ्या लावून कुप्यांत जपून ठेवले. त्या कुप्या पुढे त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा यांच्याकडे आल्या. मिलर यांचे २००७ मध्ये निधन झाले आणि २००८ मध्ये बाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वालामुखीसदृश परिस्थितीतील जुन्या प्रयोगाचे अवशेष आधुनिक उपकरणांनी तपासून त्यांत २२ अमिनो आम्ले असल्याचे प्रसिद्ध केले. १९५३ मधील कागदी वर्णलेखनाच्या पद्धतीने यांतील बहुतेक दिसणे शक्यच नव्हते.

या शोधनिबंधाच्या लेखकांत जेसन ड्वॉर्किन आणि डॅनियल ग्लॅविन ही दोन नावे आहेत. ड्वॉर्किन हे मिलर यांचे विद्यार्थी, तर ग्लॅविन हे बाडा यांचे. दोघेही पुढे नासाच्या गोडार्ड केंद्रात कार्यरत झाले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ओसायरिस-रेक्स मोहिमेने बेनू या लघुग्रहावरील नमुना पृथ्वीवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या विश्लेषणात, सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी १४, तसेच जनुकीय द्रव्यातील पाचही नत्रयुक्त आधारद्रव्ये या नमुन्यात आढळली. या विश्लेषणाचे नेतृत्व करणाऱ्यांत हे दोघे होते.

शिकागोतील काचेच्या उपकरणापासून लघुग्रहावरील धुळीपर्यंतचा हा सुमारे सत्तर वर्षांचा प्रवास एखाद्या प्रतिभावंताच्या एकट्याच्या बळावर झालेला नाही. गुरूकडून शिष्याकडे, एका प्रयोगशाळेतून दुसरीत, विद्यापीठातून अवकाशसंस्थेत असे कौशल्य सरकत गेले. नमुना दूषित होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी आणि चिठ्ठीवरील नोंदीची शिस्त या गोष्टी शोधनिबंध वाचून येत नाहीत. त्या शेजारी बसून शिकाव्या लागतात.

तुटलेला दुवा : अलाहाबादचा ‘जीवाणू’

मिलर यांच्या प्रयोगानंतर एका वर्षाने, १९५४ मध्ये, अलाहाबाद विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादुर यांचा एक निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पॅराफॉर्मल्डिहाइड आणि पोटॅशियम नायट्रेट यांपासून प्रकाशाच्या साहाय्याने अमिनो आम्ले तयार होतात, असा त्याचा आशय होता. विजेऐवजी सूर्यप्रकाश ही त्यांची मध्यवर्ती कल्पना. १९६३ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने पुढे जाऊन मॉलिब्डेनमयुक्त क्षार, फॉस्फेट, खनिजे आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या मिश्रणात सूक्ष्म गोलाकार कण तयार होत असल्याचे मांडले. हे कण वाढतात, त्यांना अंकुर फुटतात आणि त्यांत चयापचयसदृश क्रिया दिसतात, असा त्यांचा दावा होता. ‘जीव’ आणि ‘अणु’ या संस्कृत शब्दांवरून त्यांनी या कणांना ‘जीवाणू’ हे नाव दिले. मराठीत बॅक्टेरियासाठी रूढ असलेल्या शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये.

या दाव्याची दखल नासाने घेतली. १९६७ मध्ये लिंडा कॅरन आणि सिरिल पोन्नमपेरुमा यांनी नासाच्या एम्स केंद्रातून या प्रयोगांचे परीक्षण प्रसिद्ध केले. या कणांचे स्वरूप आणि गुणधर्म समाधानकारकपणे स्पष्ट झालेले नाहीत, असा त्याचा रोख होता. त्यानंतर मुख्य प्रवाहातील चर्चेतून हा विषय जवळजवळ नाहीसा झाला. अलाहाबादच्या वर्तुळात काही काम पुढे होत राहिले, परंतु विज्ञानेतिहासकार मथियास ग्रोटे यांनी २०११ मध्ये त्याचा इतिहास लिहीपर्यंत नव्या पिढीला हे नावही फारसे ठाऊक नव्हते.

येथे परीक्षक पोन्नमपेरुमा यांची वाटचाल पाहणे उद्बोधक ठरते. त्यांचा जन्म १९२३ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे झाला. मद्रास विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील पदवी, नंतर लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी आणि १९६२ मध्ये मेल्व्हिन कॅल्व्हिन यांच्या मार्गदर्शनाखाली बर्कली येथे पीएच.डी., असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या निवासी सहयोगी योजनेतून ते एम्स केंद्रात आले. आजच्या भाषेत ही पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्तीच होय. १९६३ मध्ये ते तेथील बाह्यजीवशास्त्र विभागात दाखल झाले. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले असल्याचे १९७० मध्ये एम्समधील ज्या गटाने दाखवले, त्यात त्यांचा सहभाग होता.

दक्षिण आशियातील दोन रसायनशास्त्रज्ञ, एकच दशक आणि एकच प्रश्न. त्यांपैकी एकजण परीक्षकाच्या आसनावर पोहोचला आणि दुसऱ्याचा प्रयोग परीक्षणाच्या टेबलावर राहिला. यात बुद्धिमत्तेचा भेद शोधण्याचे कारण नाही. पोन्नमपेरुमा यांना जी व्यवस्था लाभली तिने त्यांना उपकरणे, सहकारी आणि पुढे अशनीचा नमुना उपलब्ध करून दिला. अलाहाबादहून मात्र बाहेरच्या प्रयोगशाळेत जाऊन ते मिश्रण तेथे सिद्ध करून दाखवणारी, आणि बाहेरून येऊन अलाहाबादच्या बाकावर बसून ते तपासणारी तरुण संशोधकांची नियमित ये-जा उभी राहिली नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, बहादुर यांचा दावाच मुळात कच्चा असेल तर त्याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. त्याचा दोष व्यवस्थेला का द्यावा? हा आक्षेप गंभीर आहे. ‘जीवाणू’ हे खरोखर सजीवसदृश होते, असे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मुद्दा असा की, ‘स्पष्ट झालेले नाही’ आणि ‘चुकीचे ठरले आहे’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्यासाठी तोच प्रयोग दोन-तीन वर्षे चिकाटीने करणारे हात लागतात. मिलर यांच्या कुप्यांना ते लाभले. चुकीचे ठरण्याचाही मान कष्टाने मिळवावा लागतो आणि तो अलाहाबादच्या प्रयोगाला नीट मिळाला नाही.

अपुरी राहिलेली मालिका : स्थितांबरातील नमुने

तिसरे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. जीवसृष्टीची बीजे अवकाशातून आली असावीत, या फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या मताची चाचणी घेण्यासाठी पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी इस्रोच्या साहाय्याने बलून-प्रयोगांचे नेतृत्व केले. पहिले उड्डाण २००१ मध्ये, तर दुसरे २० एप्रिल २००५ रोजी हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून झाले. दुसऱ्या उड्डाणात २० ते ४१ कि.मी. उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक कुप्यांत गोळा करण्यात आले. त्यांची तपासणी हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली. जीवाणूंचे १२ आणि बुरशीचे ६ समूह मिळाले. त्यांतील जीवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या. २००९ मध्ये त्यांना ‘जॅनिबॅक्टर हॉइलाय’, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ अशी नावे देण्यात आली. या जाती अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. मात्र त्या पृथ्वीबाहेरून आल्या असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही इस्रोने त्याच वेळी नमूद केले. हा संयम प्रशंसनीय होता.

पुढे ‘आर्यभट्टाय’ ही जाती वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीतही आढळली. याचा अर्थ ती मातीतूनच वर गेली असावी, असा एक सबळ तर्क निघतो. तो पुरता तपासावयाचा तर वेगवेगळ्या ऋतूंत आणि उंचीवर पुनःपुन्हा उड्डाणे, रिकाम्या कुप्यांची तुलना, पेशींतील समस्थानिकांचे मोजमाप आणि जमिनीवरील सूक्ष्मजीवांची समांतर नोंद हे सर्व हवे. हे काम ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रतिष्ठेवर सुरू होऊ शकते, पण चालू राहू शकत नाही. ते चालवण्यासाठी त्याच प्रश्नाला वाहून घेतलेले चार-सहा तरुण संशोधक लागतात. दोन उड्डाणांची ही मालिका नियमित कार्यक्रमात रूपांतरित झाली नाही, ही वस्तुस्थिती वैज्ञानिक अपयशापेक्षा संस्थात्मक उणिवेची निदर्शक आहे.

परदेशी योजनांचे परीक्षण

परदेशातील व्यवस्था निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. नासाची पीएच.डी.-उत्तर योजना एका वर्षाच्या नेमणुकीची असून ती कमाल तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नासा खगोलजीवशास्त्र संस्थेने विद्यापीठांच्या गटांना एकत्र बांधले होते. २०१९ च्या अखेरीस ही संस्था बंद करण्यात आली आणि तिची जागा समन्वयजाळ्यांनी घेतली. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नासाच्या विज्ञान-निधीत जवळजवळ निम्म्या कपातीचा प्रस्ताव मांडला. असे प्रस्ताव जसेच्या तसे मंजूर होवोत वा न होवोत, त्यांची पहिली झळ हंगामी नेमणुकीवरील तरुणांनाच बसते.

खाजगी प्रतिष्ठानांच्या निधीचे स्वरूपही मुदतीचेच असते. सायमन्स फाउंडेशनने २०१३ मध्ये जीवसृष्टीच्या उगमावरील सहयोग-प्रकल्प सुरू करून त्यातून अधिछात्रवृत्त्या दिल्या. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या तोक्योतील पृथ्वी-जीवन विज्ञान संस्थेने टेम्पल्टन फाउंडेशनच्या साहाय्याने २०१५ ते २०१८ या काळात जो उपक्रम राबवला, त्यात अधिछात्राने अर्धा काळ तोक्योत आणि अर्धा काळ अन्य संस्थेत घालवावा, अशी रचना होती. ही रचना दुवा जोडण्याच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. परंतु तीही निधीबरोबर संपली. केंब्रिज येथे २०२२ मध्ये लेव्हरह्यूम ट्रस्टच्या दहा वर्षांच्या अनुदानावर सुरू झालेले केंद्र हा त्यातल्या त्यात दीर्घ पल्ल्याचा प्रयत्न म्हणावा लागेल.

सारांश, प्रश्न अब्जावधी वर्षांचा आणि नेमणूक दोन वर्षांची, ही विसंगती जगभर आहे. तिचा परिणाम विषयनिवडीवरही होतो. दोन वर्षांत निबंध हवा असेल तर संशोधक लवकर फळणारा प्रश्न निवडतो. दुसऱ्याचा जुना प्रयोग पुन्हा करून पाहण्याचे नीरस पण अत्यावश्यक काम मागे पडते. ज्या क्षेत्राचा पुरावाच पुनःपरीक्षणावर उभा आहे, त्या क्षेत्रात पुनःपरीक्षणाला विद्यावेतन नसावे, हा या योजनांचा सर्वांत मोठा दोष होय.

आपल्याकडील स्थिती

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, सुधा राजामणी यांची प्रयोगशाळा जीवसृष्टीच्या रासायनिक उगमावर काम करते. त्याआधी त्यांनी कॅलिफोर्नियात डेव्हिड डीमर यांच्या गटाबरोबर केलेल्या कामात, मेदद्रव्यांच्या सान्निध्यात ओले-कोरडे होण्याच्या चक्रांतून आरएनएसदृश साखळ्या बनू शकतात, असे २००८ मध्ये मांडले होते. परदेशात हाताने शिकलेले कौशल्य पुण्यात येऊन रुजले आणि येथे विद्यार्थी घडवू लागले, याचे हे ठळक उदाहरण आहे. साखळी आपल्याकडे जोडली जाऊ शकते, हे यावरून सिद्ध होते.

मात्र अशी उदाहरणे मोजक्या राष्ट्रीय संस्थांपुरती मर्यादित आहेत. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या राष्ट्रीय पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्तीची मुदत दोन वर्षे आणि वयोमर्यादा ३५ वर्षे होती. स्त्रिया व विशिष्ट प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत होती. २०२४ मध्ये या मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. या वयोमर्यादेमागे कोणता विद्यार्थी गृहीत धरलेला आहे? जो पदव्युत्तर शिक्षणानंतर विनाखंड पीएच.डी. करतो, ज्याला मध्ये नोकरी करावी लागत नाही, तो. ग्रामीण भागातील अनुदानित वा विनाअनुदानित महाविद्यालयात एम.फिल. करून अध्यापनाला लागलेला आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. पूर्ण करणारा शिक्षक त्या चौकटीत बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आहे. २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. संशोधनाची ती पहिली, आटोपशीर पायरी काढून घेतल्यावर पुढची पायरी अधिक उंच झाली, याची दखल धोरणात घेतलेली दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, महाविद्यालयीन शिक्षकाने जीवसृष्टीच्या उगमाचे संशोधन करावेच कशाला? याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर हे बेसॉल्ट खडकात आघाताने झालेल्या जगातील मोजक्या विवरांपैकी एक आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ कि.मी. असून त्यातील सरोवर खारे व अल्कधर्मी आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचा असल्याने त्याच्या अभ्यासासाठी लोणार हे तुलनास्थळ मानले जाते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याला क्षारप्रिय सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. अशा स्थळाची महिन्यागणिक, वर्षानुवर्षे नोंद ठेवणे दूरच्या संस्थेतील दोन वर्षांच्या अधिछात्राला जमणारे नाही. ते परिसरातील महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे. मात्र त्या नोंदीला शास्त्रीय मोल येण्यासाठी नमुना कसा घ्यावा हे शिकवणारा प्रशिक्षित दुवा तेथे असला पाहिजे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, खगोलजीवशास्त्रातील पीएच.डी.-उत्तर योजनेचे मूल्यमापन अधिछात्राला पुढे कोणती नोकरी मिळाली यावरून न करता, तो गेल्यावर त्या प्रयोगशाळेत काय उरले यावरून व्हावे : जपलेले नमुने, नीट लिहिलेल्या नोंदी, शिकवलेले हात. दुसरा, जुन्या भारतीय दाव्यांचे पुनःपरीक्षण हा अधिछात्रवृत्तीचा मान्य विषय असावा. अलाहाबादचे कण आणि स्थितांबरातील जीवाणू ही त्याची तयार उदाहरणे आहेत. तिसरा, तोक्योच्या धर्तीवर अर्धा काळ राष्ट्रीय संस्थेत आणि अर्धा काळ महाविद्यालयात अशी विभागलेली नेमणूक आपल्याकडे करता येण्यासारखी आहे. चौथा, वयाऐवजी पीएच.डी.नंतरचा काळ मोजावा. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी योजनेने २०२१ पासूनच्या कार्यक्रमात जन्मतारखेऐवजी पीएच.डी.नंतरच्या संशोधनानुभवाची आठ वर्षांची मर्यादा ठेवली, हा दाखला पुरेसा बोलका आहे.

१९५४ मध्ये अलाहाबाद आणि शिकागो यांच्यातील अंतर एका वर्षाचे होते. आज ते कितीतरी अधिक आहे आणि ते केवळ पैशामुळे वाढलेले नाही. शिकागोच्या कुप्या कोणाच्या तरी स्वाधीन केल्या गेल्या. आपल्याकडील कुप्या कोणाच्या स्वाधीन करावयाच्या, हे जोवर ठरत नाही, तोवर सूचनाफलकावरील ‘संधी’ ही मोजक्या व्यक्तींची राहील, ज्ञानाची होणार नाही.